ट्रेनर आणि डाएटिशियनचे पैसे भरले, पण आपलं कोणी ऐकलंच नाही - तुमचे अनुभव सांगा

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. परवा आमच्याच सोसायटीतली एक मुलगी, तिचं बाळ सात महिन्यांचं आहे, त्याच जिमचं पॅकेज घ्यायला निघाली होती जिथे मी वर्षभर पैसे भरून रडले, तेव्हा लिफ्टपाशी उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली काकू हे आधी कोणी सांगत का नाही. म्हणून लिहितेय.

मी ठाण्यात राहते, वय ४४, बँकेत नोकरी, दिवसभर बसून काम. नऊ वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे, रोज सकाळी ७५ ची गोळी. उजवा गुडघा जिना उतरताना दुखायचा. वजन ७८ आणि उंची ५ फूट २ इंच. २०२३ च्या जानेवारीत ठरवलं की आता स्वतःकडे बघायचं, मुलगा दहावीतून सुटला होता, बोनसचे पैसे बाजूला ठेवले होते. जिमची वर्षाची फी २२ हजार, पर्सनल ट्रेनिंगची ३६ सेशन्स २७ हजार, डाएटिशियनचे तीन महिने ९ हजार, आणि वर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी. अडुसष्ट हजारांच्या वर गेलं सगळं मिळून. स्वतःवर इतके पैसे मी आयुष्यात कधी एकदम खर्च केले नव्हते.

पहिल्या दिवशी चार पानी फॉर्म भरून घेतला. आजार, औषधं, जुनी दुखणी सगळं मी नीट लिहिलं, थायरॉइड लिहिलं, गुडघा लिहिला, दोनदा अधोरेखित पण केला. तो फॉर्म त्यानंतर कोणी उघडला असेल असं मला वाटत नाही. मग त्या मशिनवर अनवाणी उभं केलं, हातात दोन दांडे दिले आणि कागद बाहेर आला, तुमचं मेटाबॉलिक एज, म्हणजे शरीराचं वय, ५८. मी घाबरले. आता कळतं की ते मशीन अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, सकाळी वेगळं दाखवतं, जेवल्यावर वेगळं, पण तेव्हा ५८ आकडा बघून मी तिथल्या तिथे कार्ड काढून दिलं.

ट्रेनर तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, बोलायला चांगला होता, वाईट नव्हता तो. पण दुसऱ्याच दिवशी जंप स्क्वॉट्स आणि बर्पीज. म्हटलं अरे गुडघा दुखतो, तर म्हणे मॅडम दुखणारच, मसल ओपन होतायत. मला वाटलं त्याला माहीत असेल, त्याचा तर विषयच आहे. तिसऱ्या आठवड्यात गुडघा एवढा सुजला की लोकलमध्ये चढता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं वाटीखालची कूर्चा आधीच झिजलेली आहे, उड्या मारायला कोणी सांगितलं. मला उत्तर देता आलं नाही.

पण गुडघ्यापेक्षा मला जास्त लागलं ते डाएटिशियनचं. पहिलं कन्सल्टेशन बारा मिनिटं, मी घड्याळ बघितलं होतं कारण पुढची ट्रेन पकडायची होती. रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, तिच्या तिसऱ्या पानावर दुसऱ्याच बाईचं नाव होतं आणि तिला दूध पचत नाही हेही लिहिलेलं होतं, म्हणजे त्या बाईची माहिती माझ्याकडे आणि माझी कोणाकडे गेली असेल काय माहीत. चार्टमध्ये सकाळी उठल्या उठल्या मेथीचं पाणी, पंधरा मिनिटांनी सोया मिल्कची स्मूदी, आणि नाश्त्यासोबत जिमच्या काउंटरवरून घ्यायची एक मल्टिव्हिटॅमिनची गोळी ज्यात कॅल्शियम आणि लोह दोन्ही. मी विचारलं पण होतं, थायरॉइडची गोळी कधी घेऊ, तर उत्तर आलं "सोबतच घ्या, काही होत नाही". मी घेतली सोबत. तीन महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा जो गोळी कमी पडली की वाढतो, ३.१ वरून ९.८. माझ्या डॉक्टरांनी डोस वाढवायच्या आधी विचारलं की खाण्यात काय बदललं ते सांगा, आणि मी चार्ट दाखवला तेव्हा त्यांनी समजावलं की ही गोळी पाण्यासोबत रिकाम्या पोटी, नंतर अर्धा ते एक तास काही नाही, सोया आणि कॉफीने ती नीट शोषली जात नाही आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर पाहिजे. म्हणजे मी जे थकवा थकवा म्हणत होते, केस गळत होते, ट्रेनर म्हणत होता तुमचं कमिटमेंट कमी पडतंय, तेव्हा माझ्या पोटात गोळी जात होती आणि अंगी लागतच नव्हती.

सहा आठवड्यांत चार किलो कमी झाले आणि पुढच्या चार महिन्यांत पाच वाढले. ट्रेनर तीन वेळा बदलले, प्रत्येकाला गुडघ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ३६ पैकी १९ सेशन्स झाली, बाकीची ९० दिवसांची मुदत संपली म्हणून गेली. मुलाच्या वाढदिवसाला घरात श्रीखंड होतं आणि मी काकडीचे काप खात बसले होते, आणि तो म्हणाला आई तू आमच्यात बसल्यासारखी वाटत नाहीस. ते वाक्य अजून जात नाही मनातून.

तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा. जिमचं किंवा माणसाचं नाव नको, काय झालं आणि तुम्ही पुढे काय केलंत ते लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला उपयोग होईल.

हिंजवडीकर

चार्टवर दुसऱ्याचं नाव माझ्याही आलं होतं!! मी शाकाहारी, अंडं पण नाही, पहिल्या मिनिटाला सांगितलेलं, आणि चार्टमध्ये सहा अंड्यांचा पांढरा भाग. परत सांगितलं तर अंड्यांच्या जागी दोन स्कूप व्हे, म्हणजे दुधापासूनची प्रोटीन पावडर, टाकले, बाकी तसंच. व्हे कुठून घ्यायचं तर ट्रेनरच्या लॉकरमधून, साडेपाच हजारांचा डबा, आत सील होतं पण त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी नंबरच नाही. मी विचारलं तर म्हणाला सर इम्पोर्टेड आहे म्हणून नाही. इम्पोर्टेड मालावर पण आयात करणाऱ्याचा नंबर लागतो हे मला नंतर कळलं. दोन महिने पोट बिघडलेलं होतं.

आणि गंमत नाही सांगत, खरंच वाईट वाटलं, कारण घरी आई रोज मटकीची उसळ, वरण, ताक, दही करते आणि मी तिला म्हणालो होतो की तुझ्या जेवणात प्रोटीन नाही. कोणीतरी बसून हिशोब करून दिला असता तर? मी ६८ किलोचा. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या हिशोबाने साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम म्हणजे मला ५६-५७ ग्रॅम, व्यायाम करतो म्हणून थोडं जास्त धरा. दोन वाट्या घट्ट वरण, एक वाटी उसळ, शंभर ग्रॅम पनीर, अर्धा लिटर दूध-दही, पोळ्यांचं येतंच थोडं, झालं की. २०२४ च्या त्यांच्या गाइडलाइन्समध्ये तर मसल बनवायला पावडरी घेऊ नका असंच म्हटलंय. हे मला डाएटिशियननी सांगायला पाहिजे होतं, ऑफिसमधल्या मित्राने सांगितलं.

गोदाकाठ

ताई तुमचं वाचून हात थरथरले कारण आमच्याकडे हे वडिलांच्या जिवावर आलं होतं.

बाबा ६७ वर्षांचे, नाशिकला दोघंच असतात. बारा वर्षांपासून शुगर, सकाळ-संध्याकाळ गोळी, त्यात ग्लिमेपिराइड आहे. कोणीतरी त्यांना ऑनलाइन कोच गाठून दिला, तीन महिन्यांत डायबिटीस रिव्हर्स, १८ हजार रुपये, रोज सकाळी झूमवर व्याख्यान. कोच डॉक्टर नव्हता, डाएटिशियनही नव्हता, स्वतःची शुगर बरी झाली म्हणून कोच झालेला माणूस. त्याने सांगितलं पोळी-भाकरी-भात सगळं बंद आणि सोळा तास उपास. गोळ्यांचं काय, याबद्दल एक अक्षर नाही. बाबा शिस्तीचे, सांगितलं तेवढं तंतोतंत करणारे.

नवव्या दिवशी पहाटे चार वाजता आईचा फोन, बाबा घामाने भिजलेत, काहीतरीच बडबडतायत, मला ओळखत नाहीत. मी मुंबईत. फोनवरच तिला सांगितलं शुगरचं मशीन लाव, आकडा आला ४६, फारच खाली. नशीब त्यांना गिळता येत होतं, आईने साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ७१, परत पाजलं, मग शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले ही गोळी शुगर खाली आणतेच, जेवण तोडायचं तर आधी गोळी कमी करायची असते, हे साध्या एमबीबीएसला पण विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

कोचला मेसेज केला तर उत्तर काय, बॉडी ॲडजस्ट होतेय, घाबरू नका, उद्याचं सेशन चुकवू नका. मी त्याला फोन लावून खूप बोलले, मला माझ्याच आवाजाची भीती वाटली. त्याने ग्रुपमधून बाबांना काढून टाकलं.

बाबा आता बरे आहेत. पण ते दुसऱ्या दिवशी म्हणाले की माझंच चुकलं असेल, मी नीट पाळलं नसेल. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला असं वाटायला लावलं त्यांनी, हे मी माफ करू शकत नाही.

रंकाळ्याचा वारा

मी कोल्हापूरचा, लहानपणी तालमीत जायचो. आमचे वस्ताद बाकड्यावर बसायचे, हातात काही नाही, मोबाईल तर तेव्हा नव्हताच, पण तीस पोरं जोर मारत असली तरी कुणाची कंबर खाली पडली ते त्यांना दिसायचं. नाव घेऊन हाक मारायचे. मला पहिले सहा-सात महिने मातीत उतरू दिलं नाही, नुसते जोर आणि बैठका, कारण म्हणे तुझी मान अजून तयार नाही. घरी येऊन आईला विचारायचे पोरगं काय खातंय, झोपतंय का. तालीमही सगळीच सोन्याची होती असं नाही, तिथेही गुडघे गेलेले पैलवान मी बघितलेत. पण बघणारा माणूस होता.

आता ४१ व्या वर्षी जिम लावली, पर्सनल ट्रेनर घेतला, सेशनला आठशे रुपये. डेडलिफ्टला साठ किलो लावले, मी चौथ्यांदा उचलताना म्हणालो पाठीत काहीतरी होतंय, तो माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या क्लायंटचा रील काढत होता. बोलला लास्ट टू, लास्ट टू. आवाज आला मला आतून. कमरेच्या मणक्यातली एल फोर-एल फाइव्हची डिस्क सरकली, डाव्या पायात अंगठ्यापर्यंत मुंग्या, सव्वा दोन महिने बिछान्यावर आणि फिजिओ. दुकान भावाने सांभाळलं.

माझा राग वजनावर नाही. वजन मी तालमीत पण उचललंय, पोती उचलल्यात. आठशे रुपये मी त्याच्या डोळ्यांचे दिले होते आणि डोळे मोबाईलमध्ये होते.

दुपारची लोकल

माझं वय २६ आणि मला काहीच आजार नव्हता, म्हणून लिहितेय, की हे फक्त वय झालेल्यांचं नाही.

फ्री ट्रायल सेशन होतं. कधीच व्यायाम न केलेल्या मुलीला ट्रेनरने एका तासात स्क्वॉट्स, लंजेस, लेग प्रेस, परत स्क्वॉट्स, शेवटी पाय लटपटत होते तर दोन्ही बाजूंनी धरून करून घेतले. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी कमोडवर बसता येत नव्हतं, मेसेज केला तर म्हणाला पहिल्या लेग डेला असंच होतं. तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग कोकाकोलासारखा. मी फोटो पाठवला नाही लाजेने, नुसतं लिहिलं, तर म्हणे पाणी कमी पडतंय, चार लिटर प्या.

आई नर्स आहे, तिने ऐकलं आणि तशीच रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, चाळीस हजारांच्या वर. नॉर्मल दोनशेच्या आतबाहेर असतं. रॅब्डो म्हणतात त्याला, स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात येतं आणि किडनीवर जातं. पाच दिवस सलाइन. किडनी वाचली कारण वेळेत गेलो.

कृपया हे लक्षात ठेवा, व्यायामानंतर लघवी गडद चहासारखी किंवा कोलासारखी झाली तर ट्रेनरला विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

बाळंतकाढा

धाग्यातल्या त्या सात महिन्यांच्या बाळाच्या आईसाठी मुद्दाम लिहिते.

माझं सिझेरियन झालं होतं, चौथ्या महिन्यात जिम लावली कारण सगळे पोट कधी जाणार विचारायचे. ट्रेनरने रोज शंभर क्रंचेस आणि प्लँक. पोट आत जायच्या ऐवजी मध्ये उभा उंचवटा यायला लागला, उठताना त्रिकोणी टोकासारखं वर यायचं. तो म्हणायचा फॅट आहे, अजून करा. सहाव्या महिन्यात डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी झोपवून मान उचलायला लावली आणि बेंबीच्या वर तीन बोटं आत गेली, पोटाचे स्नायू मधून फाकलेले होते आणि क्रंचेसने त्यावर ताण येत होता. मग बाळंतपणानंतरचं काम करणाऱ्या फिजिओकडे पाच महिने, नुसता श्वास सोडत पोट आत घ्यायचा व्यायाम, झोपून, हळू.

आणि खाणं? डाएटिशियनने १२०० कॅलरीज दिल्या. मी अंगावर पाजत होते! पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा ६०० कॅलरीज जास्त लागतात, नंतर ५२०, हे आपल्याच एनआयएनचे आकडे आहेत. माझं दूध दीड आठवड्यात कमी झालं, बाळ रात्रभर रडायचं, सासूबाई डिंकाचे लाडू घेऊन मागे लागायच्या आणि मी त्यांच्यावर ओरडायचे की मला डाएट मोडायला लावू नका. त्या बिचाऱ्या बरोबर होत्या असं पूर्ण नाही, तूप-साखर जास्तच असायची, पण त्यांना बाळ दिसत होतं आणि त्या चार्टला दिसत नव्हतं.

हिंजवडीकर

@दुपारची लोकल, बापरे. आता बरी आहेस ना?

दुपारची लोकल

हो दादा, आता बरी आहे. चालते रोज. जिमच्या दारातून गेलं की अजून पोटात गोळा येतो.

मांडवी

गोव्यातून. माझं तुमच्याइतकं गंभीर नाही, पण सांगते. डाएटिशियनने मला शीत-कडी, म्हणजे आमचा भात-आमटी, बंद केली आणि आठवड्यातून तीनदा सॅल्मन लिहिलं, ओमेगा थ्री पाहिजे म्हणून. म्हापशाच्या बाजारात बांगडे, तारल्यांचे ढीग असतात, त्यात भरपूर ओमेगा थ्री असतं, आणि मी फ्रोझन सॅल्मनचं पाकीट शोधत फिरत होते. नवऱ्याची नोकरी गेली होती तेव्हा, तरी घेतलं. विचारलं मी तिला, बांगडा चालेल काय? म्हणाली चार्टमध्ये नाही ते नको. तिने बांगडा कधी खाल्लाच नसेल असं वाटतं मला. दोन महिन्यांत सोडलं.

स्पष्ट बोलतो

सगळ्यांचं वाचलं, वाईट वाटलं. पण थोडं वेगळं बोलतो. क्लायंटपण खरं सांगत नाही. माझी बायको डाएटवर होती, रात्री मुलांच्या ताटातलं उरलेलं खायची आणि डायरीत लिहायची नाही. मग वजन उतरत नाही म्हणून डाएटिशियन वाईट. सगळा दोष समोरच्यावर टाकणं बरोबर नाही. चार ठिकाणी चौकशी न करता कार्ड काढून देणं हीपण आपलीच चूक ना?

मूळ धागा लिहिणारी

दादा, डायरीत खोटं लिहिणारे असतील, नाही म्हणत नाही. पण वहिनी लपवून का खात होत्या हे त्या डाएटिशियनने कधी विचारलं का? मी पण लपवायला लागले होते. रोज रात्री ताटाचा फोटो पाठवायचा आणि भात दिसला की लाल फुली यायची. दोनदा मी फोटो काढून झाल्यावर भात वाढून घेतला. चव्वेचाळीस वर्षांची बाई स्वतःच्या घरात चोरून भात खाते, ही काय अवस्था आहे? मला खरं सांगायला भीती वाटली नसती तर मी सांगितलं असतं. आणि चौकशीचं म्हणाल तर फॉर्म मी भरला होता, प्रश्न मी विचारला होता, उत्तर चुकीचं मिळालं. त्याहून जास्त पेशंटने काय करायचं.

स्पष्ट बोलतो

ताई, हे पटलं. मी घरी विचारतो तिला.

सकाळची शिफ्ट

मी ट्रेनर आहे, पिंपरीत, आठ वर्षं झाली. लिहू की नको विचार केला कारण इथे सगळे रागावलेले आहेत आणि बरोबर रागावलेत.

आमची बाजू नाही मांडत, आत काय चालतं ते सांगतो. मी लागलो तेव्हा पगार ११ हजार. सर्टिफिकेट सहा आठवड्यांचं, त्यात गुडघ्याचा आजार, बाळंतपण, शुगर यावर मिळून एक दुपार. पर्सनल ट्रेनिंग विकायचं महिन्याचं टार्गेट दीड लाख, नाही झालं तर इन्सेंटिव्ह कट. ते मशीन आधी करायचं आणि कागद निघाला की लगेच पॅकेज बोलायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं, ताईंना ५८ आकडा दाखवला तो त्यासाठीच. सकाळी सहा ते दहा एकामागून एक क्लायंट, मग फॉर्म कधी वाचणार? मी पण पहिली तीन वर्षं वाचला नाही. एका काकांची अँजिओप्लास्टी झालेली होती, फॉर्मवर लिहिलेलं होतं, आणि मी त्यांना बॅटल रोप, म्हणजे जाड दोर जोरजोरात आपटायचा व्यायाम, दिला. ते मध्येच खाली बसले, पांढरे पडले. काही झालं नाही त्यांना, पण त्या रात्री मी झोपलो नाही. त्यानंतर मी एकही क्लायंट फॉर्म वाचल्याशिवाय घेत नाही आणि हार्ट, शुगर, प्रेग्नन्सी, ऑपरेशन काहीही असलं की डॉक्टरची चिठ्ठी मागतो. मालक ओरडतो, क्लायंट पळून जाईल म्हणून. दोन गेले पण.

तुमचा ट्रेनर पहिल्या दिवशी तुम्हाला खुर्चीवरून उठायला-बसायला, हात वर करायला लावून बघत नसेल, आणि आज झोप झाली का विचारत नसेल, तर त्याला पैसे देऊ नका. दुखतंय म्हटल्यावर जो थांबत नाही त्याला तर नाहीच नाही.

रंकाळ्याचा वारा

भावा, तू हे लिहिलंस हे बरं केलंस. मनापासून.

थंडीतली भाकरी

इंग्लंडमध्ये राहते, रेडिंगला. इथे डाएटिशियन ही पदवी कायद्याने राखून ठेवलेली आहे, एचसीपीसी या इथल्या नोंदणी संस्थेच्या रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय कोणी ती लावू शकत नाही, पण न्यूट्रिशनिस्ट कोणीही म्हणवून घेऊ शकतं. मी फसले ती दुसऱ्या प्रकारात. भारतातल्याच एका ऑनलाइन न्यूट्रिशनिस्टला पैसे भरले, वाटलं आपल्या माणसाला आपलं जेवण कळेल. तिने आठशे कॅलरीजचं डाएट दिलं, दहा आठवड्यांत चौदा किलो गेले, सगळे कौतुक करत होते. मग केस मुठीने गळायला लागले आणि एका रात्री उजव्या बरगडीखाली असं दुखलं की ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली, पित्ताशयात खडे. खूप झपाट्याने वजन उतरलं की हा धोका असतो असं इथल्या सर्जनने सांगितलं. न्यूट्रिशनिस्टने माझे आधीचे-नंतरचे फोटो मला न विचारता टाकले होते ते अजून काढलेले नाहीत.

नंतर जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, एनएचएसच्या (सरकारी आरोग्य सेवेच्या) डाएटिशियनकडे पाठवलं, नंबर यायला चार महिने लागले. तिला ज्वारी माहीत नव्हती. मी फोनमधला भाकरीचा फोटो दाखवला, तिने केवढी मोठी, वजन किती, रोज किती, कशाबरोबर सगळं विचारून लिहून घेतलं आणि म्हणाली ही चालू ठेव, दोनाची एक कर आणि डाळ वाढव. पाऊण तासात ती बहुतेक वेळ ऐकतच होती. मी बाहेर येऊन गाडीत बसून रडले.

तिसरा मजला

पैशांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझे ४२ हजार अडकले होते, जिमने शाखाच बंद केली आणि म्हणाले अकरा किलोमीटरवरच्या शाखेत या. मी १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार टाकली, पावत्या आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडले. पहिल्यांदा जिमने काहीतरी गोलमाल उत्तर दिलं, परत टाकली, सात आठवड्यांनी २६ हजार आले. पूर्ण नाही आले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, वकील पण लागतोच असं नाही, मी जाणार होतो, पण वडील आजारी पडले आणि राहिलं. ताई, तुमची १७ सेशन्स राहिलीत ना, चॅट जपून ठेवा, "सोबतच घ्या काही होत नाही" हा मेसेज तर नक्की ठेवा.

वॉर्ड नंबर चार

मी डाएटिशियन आहे, सरकारी रुग्णालयात काम करते. वाचताना शरमेनं मान खाली गेली, कारण ज्याने कोणी तो थायरॉइडचा मेसेज पाठवला त्याने आमच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं पण वाचलेलं नाही.

खरं काम कसं असतं ते सांगते. पहिल्या भेटीत मी चार्ट देतच नाही. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं ते विचारते, वाटी केवढी, तेल महिन्याला किती आणता, घरात माणसं किती, स्वयंपाक कोण करतं, डबा कितीला उघडता, कामाला जाताना नाश्ता होतो का. गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करायला सांगते, कारण नावं कोणाला आठवत नाहीत. रिपोर्ट बघते. एक बाई घरकाम करणारी, सहा घरी पोळ्या लाटते, तिला मी बदाम लिहून दिले तर ती बदाम आणणार नाही आणि परत येणारही नाही. तिला मूठभर शेंगदाणे, ताक आणि दुपारच्या आमटीत डाळ जरा जास्त, एवढंच सांगितलं. आली ती परत.

आपल्याकडे न्यूट्रिशनिस्टची पाटी कोणीही लावतं हे खरं आहे. विचारा त्यांना डिग्री कुठली, डाएटेटिक्समध्ये शिक्षण आहे का, हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप केली का, इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षा दिलीय का. २०२१ साली ॲलाइड हेल्थकेअरचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्यसेवकांचा, कायदा झाला त्यात आम्ही पण येतो. तुम्ही निदान विचारायला लाजू नका. चांगल्या माणसाला राग येत नाही विचारल्याचा.

गोदाकाठ

मॅडम, गोळ्यांची पिशवी उपडी करायची हे वाचून डोळ्यात पाणी आलं. एवढंच कोणी केलं असतं बाबांचं.

मूळ धागा लिहिणारी

सगळ्यांचं वाचतेय, काही दोनदा वाचलं. दुपारची लोकल, तुझ्या आईला नमस्कार सांग माझा. सकाळची शिफ्ट, तुम्ही ठाण्यात असता तर मी तुमच्याकडे आले असते.

माझं सांगायचं राहिलं, टीएसएच आता २.९ आहे, गोळी पहाटे साडेपाचला घेते, चहा साडेसहाला. गुडघ्यासाठी फिजिओने दिलेले चार व्यायाम घरीच करते आणि तलावपाळीला चालते. वजन ७४ वर आहे, भात जेवते.

आणि ती शेजारची मुलगी काल रात्री जिमचा फॉर्म घेऊन घरी आली होती, बाळ माझ्या मांडीवर ठेवून आम्ही दोघींनी चारही पानं वाचली. बाळंतपण कधी झालं, सिझेरियन की नॉर्मल, अंगावर पाजता का, असा एकही प्रश्न त्यात नव्हता. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की कुठल्याही दुखापतीला जिम जबाबदार नाही आणि फी परत मिळणार नाही. तिने सही केली नाही. बाळंतकाढा, तुमच्या फिजिओचा नंबर तिला हवाय, मला मेसेज कराल का?